उजवा कालवा

दमणगंगेला दोन कालवे आहेत. डावा नरोलीच्या बाजूने उंबरगाव तालुक्याकडे निघून जातो. त्याची माझी ओळख नमस्कारापुरती. उजवा सिल्वासाच्या, दादऱ्याच्या अंगाने वापी-पारडीकडे जातो. त्याच्या काठाने सायकलवरून इतकं हिंडून झालं आहे की त्याच्याविषयी चार शब्द लिहिण्याचा हक्क मला पोचतो, असं मी धरून चालतो.

उजवा कालवा सरकारी नोकरीत आहे. मधुबन धरणापाशी त्याची हजेरी लागते. दार केव्हा उघडायचं आणि किती उघडायचं हे वरून ठरतं. हुकूम आला की हा निघतो, हुकूम आला की थांबतो. नदीचं असं नाही. दमणगंगा नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीत उगवते, १३१ किलोमीटर चालते आणि दमणला समुद्रात शिरते. तिला माहेर आहे, लहर आहे, आषाढातला माज आहे. कालव्याला अंदाजपत्रक आहे. नदीच्या काठी लवाछ्याचा रामलिंगेश्वर बसला आहे. कालव्याच्या काठी बसले आहेत सिंचन खात्याचे किलोमीटरचे दगड आणि पोहायला मनाई करणारी गुजरातीतली पाटी. पोरं त्या पाटीवर सदरे टांगून पोहतात.

म्हणून त्याला रुक्ष समजू नये. त्याच्या अंगी एकच कसब आहे, पण ते नदीलाही जमलेलं नाही. पाणी उंचावर धरून न्यायचं. नदी मिळेल त्या उताराने खाली पळते. कालवा तसा पळाला तर त्याची नोकरी संपलीच, कारण शेतं त्याच्या खालच्या अंगाला राहिली तरच चारीतून पाणी आपल्या आपण उतरणार. म्हणून तो टेकाडांना वळसे घालतो, कुठे खोदाईत शिरतो, कुठे भरावावर चढतो, आणि उंची सोडत नाही. अशा कालव्यांचा उतार किलोमीटरमागे जेमतेम वीतभर असतो. जास्त दिला तर पाणी काठ खातं, कमी दिला तर गाळ बसतो आणि दोन वर्षांत तळाशी पाणकणीस उगवतं. धरणाखाली नदी आणि कालवा सख्खे शेजारी असतात. पुढे गावागणिक नदी खाली खाली जाते, हा वरच राहतो, आणि दोघांत इतकं अंतर पडतं की एकाच्या काठावरून दुसरा दिसेनासा होतो.

सायकलवाल्याला असा यजमान मिळणं कठीण. दिवाळीनंतर रब्बीचं पाणी सुटलं की कालव्याकडेच्या कच्च्या रस्त्याने निघावं. हा रस्ता खरं तर खात्याच्या जीपसाठी असतो, पण जीप क्वचितच फिरकते. बाकी दिवस तो म्हशींचा, शेळ्यांचा, सरपणाच्या मोळ्या घेऊन जाणाऱ्या बायांचा आणि कारखान्यांच्या पाळ्या गाठणाऱ्या सायकलींचा. चढ असा नाहीच. दम लागत नाही, त्यामुळे बोलत जाता येतं. माझ्या सोबतीला बहुधा आबा असतो. आबा मूळचा जळगाव जिल्ह्यातला, सिल्वासाच्या सूत-कारखान्यात रात्रपाळी करतो. या पट्ट्यात खानदेशातले लोक इतके की बसस्टँडवर अहिराणी ऐकून कोणी मान वळवत नाही. आबाची सायकल काळी, दांडीची, मागे भक्कम कॅरिअर. माझी गिअरची सायकल त्याने पहिल्यांदा पाहिली तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, इथं गिअर कशाला? कालवा आहे ना सोबतीला."

कालव्याचा वेग आणि सावकाश चालवलेल्या सायकलीचा वेग यात फार फरक नसतो, आणि मला या सोबतीत तेच सगळ्यांत आवडतं. पाण्यावर एखादं पळसाचं पान पडलेलं दिसतं. आपण थोडं पुढे जातो, चहाला थांबतो, तोवर पान येऊन आपल्याला मागे टाकतं. पुन्हा त्याला गाठायचं. नदीवर हा खेळ जमत नाही. ती पान कुठेतरी भोवऱ्यात फिरवत ठेवते, नाहीतर दगडाआड लपवते. कालवा मात्र हाती आलेली वस्तू इमानाने पुढच्या दारापर्यंत पोचवतो.

इमान आहे म्हणून राग नाही, असं मात्र नव्हे. त्याचा पुण्यातला नातलग, मुठेचा उजवा कालवा, २७ सप्टेंबर २०१८ ला दांडेकर पुलाजवळ फुटला आणि खालच्या वस्तीतले संसार तासाभरात रस्त्यावर आले. नदी फुगते तेव्हा आधी गढूळ होते, आवाज करते, लोकांना उठायला वेळ देते. कालवा आतल्या आत झिरपत राहतो. भरावाच्या पोटात खेकड्या-उंदरांची बिळं असतात, अस्तराला तडा गेलेला असतो, कडेच्या रस्त्यावर ऐन उन्हात ओल दिसू लागते. शहाणा पाटकरी ती ओल पाहूनच ओळखतो. आबाही ओळखतो. "हे बघा, इथं पोट फुगलंय," असं म्हणून तो सायकलवरून उतरतो आणि चपलेने माती दाबून पाहतो. गिरणेच्या पाटावर त्याचं बालपण गेलंय.

त्या पाटाच्या गोष्टी आबा फार रंगवून सांगतो. त्याच्या गावाकडे पाण्याच्या पाळीवरून भावाभावांत कोयते निघतात, रात्री कंदील घेऊन बाया चारीच्या तोंडाशी पहारा करतात. इथल्या कालव्याचं त्याला नवल वाटतं. "पाणी आहे, भांडण नाही. कारण विचारा." मी विचारत नाही, कारण उत्तर दोन्ही काठांना उभं असतं. शेतासाठी म्हणून कालवा आला, आणि करसवलती मिळाल्यामुळे कारखानेही आले. सिल्वासा, मसाट, राखोलीकडच्या कितीतरी शेतांवर आता पत्र्याच्या शेड आहेत. कालव्याच्या भिंतीला लागून कंपाउंडची भिंत, तिच्यावर काचा. मधल्या बोळातून सायकल हातात धरून काढावी लागते. धरणाचं पाणी शेतीबरोबर उद्योगांना आणि नळांनाही जातं, त्यामुळे कालवा रिकामा बसला आहे असं म्हणता येत नाही. पण ज्या कामासाठी त्याची भरती झाली ते काम डोळ्यांदेखत आटत चाललंय. तरी हा रोज वेळेवर हजर. सरकारी नोकरीत असे काही लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्याविषयी मला कायम आदरच वाटत आला आहे.

दुरुस्तीसाठी पाणी बंद करतात तेव्हा त्याच्याकडे पाहू नये, पण मी पाहतो. त्याच्या तळाशी एकेकट्या चपला असतात, प्लास्टरच्या गणपतींचे हात असतात, नवसाचे नारळ, हेल्मेट, एकदा शिलाई मशीनचं चाक. खड्ड्यांत उरलेल्या पाण्यात वारली पोरं हातांनी मासे पकडतात. पाणी असताना जो इतका नेटका दिसतो त्याच्या पोटात गावाने काय काय टाकलंय, ते तेव्हा कळतं. त्यानं मात्र कोणाचं नाव सांगितलेलं नाही.

लवाछ्यापाशी आलो की मला कालव्याचा हेवा वाटू लागतो. त्याचं कारण थोडं मागचं आहे. सिल्वासा जिच्यात येतं ती नगर हवेली आणि दादरा हे एकमेकांना चिकटलेले प्रदेश नाहीत. मध्ये गुजरातच्या गावांची पट्टी आहे. दादरा म्हणजे दादरा, तिघरा आणि डेमणी एवढी तीन गावं. दमणहून दादऱ्याला यायचं तर पुन्हा गुजरात ओलांडायचा. पोर्तुगीज राज्य होतं तेव्हा या प्रत्येक पट्टीला आंतरराष्ट्रीय सीमा होती, आणि ही सगळी कटकट सुरू झाली एका जहाजापासून. मराठ्यांच्या आरमाराने १७७२ मध्ये पोर्तुगीजांचं 'सांताना' हे जहाज धरलं. त्याच्या भरपाईची बोलणी होत होत १७ डिसेंबर १७७९ ला पुणे दरबाराने तह केला आणि नगर हवेलीकडच्या गावांचा बारा हजारांचा महसूल दमणला लावून दिला. गावं प्रत्यक्ष हाती आली ती १७८३ ते १७८५ च्या दरम्यान. समुद्रावरच्या एका भांडणाचा निकाल असा सागाच्या जंगलात लागला.

पुढे १९५४ चा जुलै आला. दमणच्या गव्हर्नरला दादऱ्याला जाण्याची परवानगी भारताने २१ जुलैपर्यंत दिलेली होती. त्याच रात्री फ्रान्सिस मस्कारेन्हस आणि वामन देसाई यांच्या नेतृत्वाखालच्या स्वयंसेवकांनी दादऱ्याची पोलीस चौकी घेतली. तिथला अधिकारी अनिसेतो रोझारियो मारला गेला. नरोली २८ जुलैला सुटली, सिल्वासा २ ऑगस्टला. सिल्वासात शिरलेल्यांत सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते, हे मराठी वाचकांना ठाऊक असतंच. पोर्तुगालला मदत पाठवायची होती, पण वाट भारतातून, आणि ती भारताने अडवली. डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. मागणी अशी की दमणहून दादऱ्याला आणि नगर हवेलीला जाण्याची वहिवाट आमची आहे. पेशवाईतल्या कागदांचा तिथे कीस पडला. निकाल १२ एप्रिल १९६० ला आला. खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वहिवाट होती, सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांना नव्हती. आणि जुलै १९५४ मध्ये भारताने वाट बंद केली यात भारताचं काही चुकलं नाही.

बांधावरून गाडी न्यायची की नाही यावरून गावात जे होतं तेच हे, फक्त हेगच्या शांतता प्रासादात बसून आणि फ्रेंच-इंग्रजीत. गंमत अशी की ज्या देशात हा दावा चालला तिथे कालव्याच्या काठाने सायकल चालवणं हा रोजचा व्यवहार आहे. हेगमधला एखादा कारकून दमण-दादऱ्याच्या वाटेचे नकाशे बगलेत मारून कालव्याकडेने सायकलवर घरी गेला असेल, असं मी आबाला सांगितलं. आबाला त्यात काही विशेष वाटलं नाही. "नकाशे ओले नसतील ना झाले?" एवढंच त्याने विचारलं.

आणि आता हा उजवा कालवा पाहा. नगर हवेलीतून निघतो, गुजरातच्या पट्टीत शिरतो, दादऱ्याच्या शेजारून जातो आणि दमणच्या दिशेने चालू लागतो. जी वहिवाट मिळवायला एका साम्राज्याला चार-पाच वर्षं वकील लावावे लागले, ती याला न मागता मिळाली. त्याची झडती होत नाही. माझी होते. गुजरातमध्ये दारूबंदी आहे, दादऱ्यात आणि दमणमध्ये नाही, त्यामुळे हद्द ओलांडली की पोलीस पिशवीकडे बोट दाखवतात. माझ्या पिशवीत चिवडा आणि पंक्चरचं सामान. आबा प्रत्येक वेळी डबा उघडून ठेचा दाखवतो आणि "वास घ्या साहेब" म्हणतो. त्या वेळी पलीकडून कालवा ताठ मानेनं पुढे जात असतो.

दादऱ्यात थांबायचं असेल तर वनगंगा तलावाची बाग आहे. मधे बेट, बेटावर जायला पूल, पायडलच्या होड्या, आणि हिंदी सिनेमाच्या कितीतरी गाण्यांना कामी आलेली झाडं. नवी जोडपी इथे फोटो काढतात. कालव्यापाशी कोणी फोटो काढत नाही, ही गोष्ट मला थोडी लागते.

वापीचं फार सांगत नाही. नाक आपोआप सांगतं. रसायनांच्या कारखान्यांनी दमणगंगेच्या शेवटच्या टप्प्याचं काय केलं हे साऱ्या देशाला माहीत आहे. इथून पुढे आम्ही कालव्याचा निरोप घेतो, कारण त्याला आणि आम्हाला वेगवेगळीकडे जायचं असतं. तो उंची धरून पारडीच्या अंगाने, चाऱ्या-पोटचाऱ्यांत वाटून घेत जातो. आम्हाला बंदर पाहायचं असतं. सायकल खालच्या अंगाला वळते, पायडल न मारताही पळू लागते, आणि मग लक्षात येतं की सकाळपासून आपण केवढ्या उंचीवरून चाललो होतो.

दमणचं बंदर म्हणजे नदीचं मुखच. उत्तरेला नानी दमण, तिथे संत जेरोमचा किल्ला. दक्षिणेला मोटी दमण, तिथे मोठा किल्ला आणि दीपगृह. मध्ये दमणगंगा, आणि आता ती ओळखू येत नाही. भरतीला समुद्र तिच्यात वर घुसतो आणि तिला उलटी वाहायला लावतो. ओहोटीला ती इतकी खाली जाते की मासेमारीच्या बोटी चिखलात कुशीवर पडतात, दोर सैल लोंबतात, आणि खलाशी गुडघाभर गाळातून डिझेलचे डबे वाहतात. धक्क्यावर बर्फ फोडण्याचा आवाज, वाळत घातलेल्या बोंबलांचा वास. कालव्याची पातळी दाराच्या हुकमाने हलते. इथे पातळी चंद्राच्या हुकमाने हलते आणि दिवसातून दोनदा हलते. २८ ऑगस्ट २००३ ला इथला दोन दमणांमधला पूल भर पावसात कोसळला आणि शाळकरी मुलं नदीत गेली. धक्क्यावरची वयस्क माणसं त्या पुलाच्या जागेकडे हात करतात, पण फार बोलत नाहीत.

याच काठावर पूर्वी जहाजं बांधत. नगर हवेलीच्या जंगलातला साग इथे यायचा. १८४३ मध्ये इथून पाण्यात उतरलेली 'दोम फर्नांदो द्वितीय इ ग्लोरिया' ही पोर्तुगीज आरमाराची शेवटची निव्वळ शिडांची फ्रिगेट. १९६३ मध्ये ती जळाली, पुढे पुन्हा उभी केली, आणि आज लिस्बनसमोर नदीपलीकडे संग्रहालय होऊन उभी आहे. एका जहाजापायी जंगल गेलं आणि त्या जंगलातून दुसरं जहाज निघालं. पुणे दरबाराने १७७९ मध्ये हा हिशेब काही मांडला नसणार.

धक्क्यावर बसून आबाने डबा सोडला आणि मला विचारलं, "कालवा इथवर का आणला नाही? समुद्र बघितला असता बिचाऱ्यानं." फ्रान्समध्ये, हॉलंडमध्ये कालवे बंदराला जाऊन भिडतात. त्यांच्यावर नावा चालतात, माल चालतो. फ्रान्सचा तुलूझहून निघणारा कालवा १६८१ पासून भूमध्य समुद्राकडे नावा नेतो आहे. आमचा कालवा त्या जातीचा नाही. त्याचं एक थेंब पाणी जरी बंदरापर्यंत पोचलं तरी खात्याच्या वहीत ते वाया गेलं असं लिहितील. नदीने समुद्राला मिळावं आणि कालव्याने त्याच्या आधीच संपून जावं, असा दोघांत करार आहे. नारळी पौर्णिमेला दमणचे लोक समुद्राला नारळ वाहतात, नदीच्या मुखाशी वाहतात. कालव्याच्या टोकाला काय वाहायचं? तिथे तर पाणीच उरत नाही.

ते टोक पाहायचंच म्हणून परतीला आम्ही एका पोटचारीच्या कडेने शिरलो. शेतकरी या टोकाला टेल म्हणतात. मुख्य कालव्यावरचा तो ऐटदार, सिमेंटच्या अस्तराचा गृहस्थ इथे एक हात रुंद मातीची चारी होऊन आला होता. दोन्ही बाजूंना आंब्याच्या वाड्या, मध्ये भाताची खुंटं, आणि शेवटी वांगी-मिरचीचा एक तुकडा. चारीत पाणी नव्हतं. ओल होती. एक म्हातारबाबा फावड्याने तिचं तोंड साफ करत बसले होते. सायकली पाहून उठले.

"वरून आलाव?"

"हो बाबा. सिल्वासाकडून."

"पाणी किती हाय वर?"

आबाने सायकल उभी केली आणि कॅरिअरच्या उंचीला हात धरून दाखवलं. बाबांनी मनाशी काही जुळवलं. कॅरिअरएवढं पाणी म्हणजे उद्या दुपारपर्यंत इथे यायला हरकत नाही, असं त्यांचं गणित निघालं. मग त्यांनी विचारलं, "मधल्या आंबेवाल्यांनी दार लावलंय का उघडंच ठेवलंय?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दिवसभर पळसाची पानं, ओल, नकाशे सगळं बघत आलो होतो, दारं नव्हती बघितली.

"तेच बघायचं असतं," बाबा म्हणाले. फावडं खांद्यावर टाकलं, आबाच्या कॅरिअरवर एका अंगाने बसले, आणि आम्ही पोटचारीच्या कडेने उलटे वर निघालो.